त्या बैठकीत मी नव्हतो

मिलिंद,

रविवारी, तू गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला डिंडोलीच्या हॉलमध्ये मला दोन शब्द बोलायला उभं केलं. तुझ्या मेव्हण्यानं, संगीताच्या भावानं, माईकवरून माझी ओळख करून दिली, "हे अनिलभाऊ. मिलिंददाजींचे लहानपणापासूनचे मित्र. ट्रस्टच्या समितीत त्यांच्यासाठी एकटे भांडले ते हेच." लोकांनी वळून माझ्याकडं बघितलं. तुझी आई पुढच्या सतरंजीवर बसली होती, तिनं हात जोडले. मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "मी माझ्या परीनं प्रयत्न केला."

बाकी काय बोललो ते आठवत नाही. हे एक वाक्य मात्र तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

समोर तुझा फोटो होता. आपण दोघं होतो त्यातला, संगीतानं अर्धा कापून मोठा करून घेतलेला. माझा हात तुझ्या खांद्यावर होता, तो काही कापता आला नाही. त्यामुळं हार घातलेल्या फोटोत तुझ्या उजव्या खांद्यावर माझी चार बोटं दिसतात. लोक फुलं वाहून जात होते आणि मी ती बोटं बघत बसलो होतो. सोमवारी कॉलेजात गेलो तर गेल्या आठवड्यात शिकवलेलंच पुन्हा शिकवलं. मंगळवारी तुझ्या घरी जायला गाडी घेऊन अडाजणहून निघालो, तापीवरचा पूल ओलांडला, उधन्यापर्यंत आलो आणि परत फिरलो. म्हणून त्याच रात्री हे लिहायला घेतलं. तुला सांगायचं राहिलं ते तुलाच सांगायला हवं, आधी तुला.

ती चोकडी आठव. पुलाच्या बाजूच्या चौकातली, सकाळी मजूर कामासाठी उभे राहतात ती. आपल्या दोघांचे बाप एकाच लूमच्या खात्यात कापड विणायला होते. खातं बंद पडलं तेव्हा आपण सातवीत होतो आणि दोघंही त्या चोकडीवर उभे राहू लागले. कुणी हमालीला नेलं तर हमाली, कुणी रंगकामाला नेलं तर रंगकाम. शाळेत सरांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "वडलांची शिफ्ट बदलली." तू उठून म्हणालास, "माझा बाप नाक्यावर उभा राहतो सर, याचापण." मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नव्हतो. तुला कळलंच नाही मी कशाला रागावलो ते. तुझ्या दृष्टीनं ती नुसती माहिती होती.

मला वाटतं आपल्यातला सगळा फरक तिथंच होता. पुढं आपण एकाच कॉलेजात चित्रकला शिकलो, एकाच डब्यातून जेवलो, पण तू जिथून आलास ते तू खिशात घेऊन हिंडायचास आणि मी ते घरी ठेवून निघायचो.

मी शिकवायला लागलो. तू कोसाडला पत्र्याची शेड घेतलीस आणि फायबरचं काम सुरू केलंस. फार्महाउससाठी घोडे, लग्नाच्या हॉलसाठी हत्ती, आणि ती बुद्धाची डोकी, हॉटेलांच्या आणि मसाज पार्लरच्या दारात ठेवायला. एकदा ओळीनं अकरा डोकी वाळत ठेवली होतीस. मी विचारलं, "तुला काही वाटत नाही रे?" तू पॉलिश पेपर घासत म्हणालास, "वाटतं ना. धड कुणालाच नको असतं. धड घेतलं तर मग पाय येतात, चालणं येतं. डोकं बरं, शांत दिसतं." आणि मग डोळ्यांच्या कडा इतक्या निगुतीनं घासल्यास की त्या पार्लरवाल्याला कधी कळणारही नाही.

ट्रस्टच्या अनुदानाची बातमी मीच तुला आणून दिली होती. सार्वजनिक जागेत काम करू इच्छिणाऱ्या, कारकिर्दीच्या मध्यावर असलेल्या कलावंतांसाठी. नवशिक्यांना शिष्यवृत्त्या असतात, नावाजलेल्यांना कामं चालून येतात, मधल्यांना कुणी विचारत नाही, म्हणून हे अनुदान, असं त्या पत्रकात लिहिलं होतं. तू ते दोनदा वाचायला लावलंस. "मधला भाग म्हणतात ठीक आहे," तू म्हणालास, "पण माझं करियर सुरू कधी झालं तेवढं सांग गुरुजी, म्हणजे मोजता येईल." मी मास्तर झाल्यापासून तू मला गुरुजीच म्हणायचास. मीही कधी ते थांबवलं नाही.

तुझ्या डोक्यात गोष्ट पक्की होती. चोकडीवर माणसं तासन्‌तास उभी असतात, बसायला जागा नाही, दुकानाच्या पायरीवर टेकलं तर दुकानदार हाकलतो. तिथं सिमेंटचे गठ्ठे करून ठेवायचे. मार्केटमध्ये साड्यांचे गठ्ठे हमाल पाठीवर नेतात, तसे हुबेहूब. गोणपाटाची वीण, दोरीचे काच, वर शाईनं मारलेले शिक्के, सगळं सिमेंटमध्ये उमटलेलं. उंची गुडघ्याएवढी. "जन्मभर ज्यांनी गठ्ठे उचलले," तू म्हणालास, "त्यांनी एकदा त्यावर बसावं."

पहिले दोन अर्ज मी लिहिले, इंग्रजीत. त्यात मी 'स्थलांतरित श्रमिकांच्या स्मृतीचा अवकाश' असं काहीतरी घातलं होतं. तू मराठीत सांगायला लावलंस. ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "हे कुणाबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल."

"यात बसायला आहे असं कुठं लिहिलंय?"

"मिलिंद, बसायला आहे असं लिहिलं तर ते म्हणतील हा फर्निचरवाला आहे. आधी शिल्प आहे असं म्हण. मग कुणी बसलं तर बसलं."

"ज्यावर बसता येत नाही ते चोकडीवर कशाला ठेवायचं? तिथं आधीच एक घोड्यावरचा पुतळा आहे, त्याच्या खाली कुत्रीसुद्धा झोपत नाहीत, कुंपण आहे म्हणून."

"मग सुतार आणि तू यात फरक काय?"

"नसेल फरक. असलाच पाहिजे का?"

हे भांडण आपण किती वर्षं केलं? शेडमध्ये केलं, माझ्या घरी जेवताना केलं, संगीता वैतागून म्हणायची, "तुम्ही दोघं त्या गठ्ठ्यावर बसून ठरवा काय ते." मला अजून वाटतं माझं म्हणणं चूक नव्हतं. फरक असतो, मिलिंद. तुझ्या त्या दोरीच्या काचात फरक होता. तूच तो मान्य करत नव्हतास. हे मी आज लिहितोय आणि पलीकडून उत्तर येत नाही, याचाही मला राग येतो.

दोन्ही अर्ज नामंजूर झाले. तिसऱ्या वेळी तू म्हणालास, "या वेळी मी लिहितो." तू हिंदीत लिहिलास, दोन पानं. त्याच सुमारास ट्रस्टनं मला समितीत घेतलं. मी तुला फोन करून सांगितलं, आता मी तुझ्या अर्जाला हात लावू शकत नाही. तू खूश झालास. "लावू नको हात. आता आत आपला माणूस बसलाय."

बैठकीच्या आधी अर्जांच्या प्रती घरी आल्या. तुझा मी पहिला वाचला. तू लिहिलं होतंस: "या चौकात माझे वडील आणि माझ्या मित्राचे वडील उभे राहत असत. मित्र आता मोठ्या कॉलेजात शिकवतो. त्याचे वडील शेवटी बहिरे झाले होते, आणि मालक कामाला माणसं बोलवायचा तेव्हा त्यांना हाक ऐकू येत नसे. म्हणून ते नेहमी माझ्या वडलांच्या शेजारी उभे राहत. हाक आली की माझे वडील त्यांना कोपर मारत."

कोपराचं मला ठाऊक नव्हतं. माझ्या बापाबद्दलची ही गोष्ट मला तुझ्या अर्जातून कळली.

बैठकीत पाच जण होतो. अध्यक्षबाई वास्तुरचनाकार, वयानं मोठ्या, नीट बोलणाऱ्या. तुझा अर्ज आला तेव्हा मी म्हणालो, "हे माझ्या ओळखीचे आहेत." बाई म्हणाल्या, "नोंद करू. तुम्ही मत देऊ नका. पण बसा, काही विचारायचं झालं तर तुम्हालाच माहिती असेल." मी म्हणालो, "नको, मी बाहेर थांबतो, तेच योग्य." सगळ्यांनी कौतुकानं माना हलवल्या. मी चहाचा कप घेऊन बाहेर गेलो.

इथपर्यंत मी कुणालाही सांगू शकतो. नियम पाळला म्हणून सांगू शकतो. पण मला बाहेर नियमानं नेलं नाही. त्या खोलीत मी एकटाच मराठी होतो, एकटाच तापीच्या त्या बाजूचा. तिथं मला कुणी डिंडोलीचा म्हणून ओळखत नव्हतं. तुझा अर्ज मोठ्यानं वाचला जाणार, 'मित्र मोठ्या कॉलेजात शिकवतो' हे वाक्य येणार, आणि कुणीतरी हसून विचारणार, "कोण हो हा मित्र?" त्या एका प्रश्नाला भिऊन मी उठलो. चाळिशी कधीच ओलांडलेला माणूस, मिलिंद. सातवीतली भीती.

व्हरांड्यात मी खिडकीतून पार्किंग बघत उभा राहिलो. दार उघडलं तेव्हा समितीचं काम बघणारी मुलगी बाहेर आली. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "सर, एक जणे कह्युं, आ तो बांकडो छे." हा तर बाक आहे, असं एक जण म्हणाला. "कोई समजावी शक्युं नहीं. तमे अंदर होत तो समजावी शक्या होत." कुणालाच समजावता आलं नाही, तुम्ही आत असता तर समजावू शकला असता.

मी म्हटलं, "हं."

संध्याकाळी तुझा फोन आला. मी काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, खरंच नव्हतं. तू विचारलंस, "काय झालं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही जमलं रे. मी खूप भांडलो." मग तूच मला समजवायला लागलास. "जाऊ दे. तू कशाला वाईट वाटून घेतो? तू भांडलास हेच लई झालं. तुझं तिथं वाकडं नको व्हायला माझ्यापायी."

दुसऱ्या दिवशी तू ते संगीताला सांगितलंस. मग आईला, मग शेडमधल्या लोकांना, मग गल्लीला. पुढच्या महिन्यात तुझ्या घरी आलो तर आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तू मन्हा पोऱ्याकरता भांडना, भाऊ. बरं करं." माझ्या पोरासाठी भांडलास, बरं केलंस, म्हणाली. तेव्हा सांगायला हवं होतं. ताटात तिनं वाढलेली कळण्याची भाकरी होती, मी ती खाल्ली आणि गप्प बसलो. त्यानंतर प्रत्येक भेटीत सांगणं थोडं थोडं अवघड होत गेलं. शेवटी शेवटी तर मला वाटायला लागलं होतं की मी खरंच काहीतरी बोललो असेन.

तू मात्र थांबला नाहीस. कामातून उरलेल्या सिमेंटचे दोन गठ्ठे केलेस आणि एका सकाळी टेम्पोतून नेऊन चोकडीवर ठेवलेस, पानाच्या गल्ल्याच्या, टपरीच्या मागं, कुणाच्या परवानगीशिवाय. मला बोलावलंस. मी आलो तेव्हा दोन म्हातारे आधीच बसले होते. तू त्यांना काही समजावून सांगत नव्हतास, त्यांनीही काही विचारलं नाही. एक जण दोरीच्या काचात बोट घालून बसला होता, आपल्याच गठ्ठ्याची दोरी सैल आहे की काय बघावं तसा. तू मला कोपर मारलंस आणि त्या बोटाकडं खूण केलीस. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कुठल्याही प्रदर्शनात, कुठल्याही कलावंताच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. मी तिथं होतो याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. बोलावण्याइतकं मी काही केलं नव्हतं.

आणि बापाबद्दलही आभार राहिले. लूमनं त्यांचे कान नेले तेव्हा मी त्यांच्याशी ओरडून बोलायचो. सगळ्या घराला वाटायचं मी रागावलोय. त्यांनाही वाटत असणार. तू यायचास, त्यांच्या समोर मांडी घालून बसायचास आणि एक शब्द न बोलता तासभर हातवारे करायचास. ते हसायचे. त्यांच्या शेवटच्या वर्षात मी त्यांना हसताना बघितलं ते फक्त तू आलास की.

काल, गुरुवारी, दुपारी हे पत्र अर्धं ठेवून मी संगीताकडं गेलो. आई आत झोपली होती. संगीता साडीला लेस लावायचं काम घेऊन बसली होती, सुट्टी संपली असं म्हणाली. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. व्हरांडा, चहा, फोन, सगळं. बाहेर का गेलो तेही. ती सुई थांबवून ऐकत होती.

"तुम्ही आत बसला असता तर मिळालं असतं का, भाऊजी?"

"माहीत नाही. कदाचित नसतं."

"मग मिळण्याचं सोडा." तिनं साडी बाजूला ठेवली. "त्यांना का नाही सांगितलं?"

"तो तुटला असता."

"तुटले नसते. भांडले असते. दोन दिवस तुमचा फोन उचलला नसता, मला येता-जाता तुमच्या नावानं बोलले असते, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्याच घरी जेवायला गेले असते. तुम्ही ओळखत नव्हता का त्यांना?" तिचा आवाज चढला नाही. "ते भांडण त्यांचं होतं, भाऊजी. ते तुम्ही त्यांना दिलंच नाही. उलट त्यांनी तुमची समजूत काढली."

मी विचारलं, "आईंना सांगू?"

"नको. तुम्हाला हलकं वाटेल म्हणून त्यांना कशाला? त्यांच्या पोरासाठी कुणीतरी एक भांडलं होतं, एवढंच राहिलंय त्यांच्याकडं. ते तुम्ही नेऊ नका."

मग तिनं चहा केला. मी तो प्यालो. निघताना दारात ती म्हणाली, "त्या समितीत अजून आहात ना?"

"आहे."

"मग पुढच्या वेळी ओळखीचा निघाला तर बाहेर जाऊ नका. ओळख आहे म्हणून सांगा, आणि बसा. विचारलं तर बोला."

तिनं मला माफ केलं की नाही, मला कळलं नाही. तिनं तसं म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. माफ केलं असतं तर मी काल शांत झोपलो असतो, आणि ते बरं झालं नसतं असं वाटतं.

आज सकाळी मी अध्यक्षबाईंना फोन केला. सांगितलं, "त्या गठ्ठ्यांच्या अर्जातला मित्र मीच होतो. ते बहिरे वडील माझे." बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही हे सांगितलं असतंत..." आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मी समिती सोडायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "सोडणं सोपं आहे. या वर्षीचे अर्ज आलेत, ते वाचा."

अर्ज घरी आले आहेत. मी यादी तीनदा वाचली, एकही नाव ओळखीचं नाही. सगळे मधल्या वयातले, कुणी कुंभारकाम करणारी, कुणी भिंती रंगवणारा, कुणी पत्रा ठोकून पक्षी करणारा. दोन पानांत जे मावलं ते त्यांनी लिहिलंय, आणि जे मावलं नाही ते पाच माणसांच्या खोलीत कोण सांगणार, हे त्यांना माहीत नाही. बाईंना विचारून घेतलं, बैठकीआधी मी या लोकांची कामं जाऊन बघू का. त्या म्हणाल्या, "जा. पण गेलात तर सगळ्यांकडं जा."

उद्या कॉलेजातून रजा घेतली आहे. पहिलं नाव कामरेजचं आहे, भाजीबाजाराच्या ओट्यांवर मातीच्या फरशा बसवायच्या म्हणतेय अशी एक बाई. सकाळी निघेन. माझी ती इंग्रजी वाक्यं घरी ठेवून जाईन. तिच्याकडं बसून तिला विचारीन, हे कुणासाठी आहे, आणि ती जे सांगेल ते तिच्याच शब्दांत वहीत उतरवून घेईन, म्हणजे आत कुणी हसलं तर मला वाचून दाखवता येईल.